एका कडीत दुसरी कडी : लेअर मास्कची गुंफण

एकमेकांवर आलेले दोन आकार एकमेकांत गुंतलेले दाखवणे हाताने चित्र काढणाऱ्याला अवघड जात नाही. एक कडी दुसरीच्या खालून जाते तिथे तो रेघ थांबवतो आणि पलीकडून पुन्हा सुरू करतो. संगणकावर मात्र हेच काम सुरुवातीलाच अडते. फोटोशॉप, गिम्प किंवा क्रिता अशा सॉफ्टवेअरमध्ये चित्र लेअरमध्ये, म्हणजे एकावर एक रचलेल्या पारदर्शक थरांत, तयार होते. वरच्या लेअरवरचा आकार खालच्या आकाराला झाकतो, आणि जिथे जिथे तो त्याच्यावर येतो तिथे तिथे झाकतो. एका जागी वर आणि दुसऱ्या जागी खाली राहण्याची सोय लेअरच्या क्रमात नाही.

पिएर द कुबर्तां यांनी १९१३ मध्ये आखलेले ऑलिंपिकचे पाच कड्यांचे चिन्ह या अडचणीचा चांगला नमुना आहे. वरच्या ओळीत निळी, काळी आणि लाल कडी. खालच्या ओळीत पिवळी आणि हिरवी. एकमेकींना छेदणाऱ्या जोड्या चार : निळी-पिवळी, पिवळी-काळी, काळी-हिरवी आणि हिरवी-लाल. प्रत्येक जोडी दोन ठिकाणी छेदते, म्हणजे एकूण छेद आठ. प्रत्येक जोडीच्या एका छेदावर वरच्या ओळीतली कडी पुढे असते, तर दुसऱ्या छेदावर खालच्या ओळीतली. म्हणून त्या नुसत्या एकमेकींवर ठेवल्यासारख्या न दिसता अडकलेल्या दिसतात. पाच लेअर एकूण १२० प्रकारे एकावर एक लावता येतात, पण त्यांतल्या एकाही क्रमात एकही जोडी अडकलेली दिसत नाही. क्रम बदलत बसण्यात अर्थ नाही. उपाय दुसरीकडे शोधावा लागतो.

तो उपाय म्हणजे लेअर मास्क. मास्क हे लेअरला जोडलेले दुसरे चित्र असते, पण त्यात रंग नसतात, फक्त काळ्यापासून पांढऱ्यापर्यंतच्या छटा असतात. मास्क जिथे पांढरा तिथे लेअर पूर्ण दिसतो, जिथे काळा तिथे पूर्ण लपतो, आणि करडा असेल तिथे त्या छटेच्या प्रमाणात अर्धवट दिसतो. ८ बिटच्या चित्रात या छटा ० ते २५५ अशा २५६ असतात. मास्कमधला काळा रंग चित्रात काळा म्हणून कधीच उमटत नाही. तो फक्त सांगतो, की या जागी हा लेअर दाखवू नकोस. वरच्या कागदाला नेमक्या जागी खिडकी कापली की खालचा कागद दिसतो, तसेच हे. मात्र ही खिडकी केव्हाही बुजवता येते, कारण कागद मुळात कापलेलाच नसतो. लेअरचा क्रम सगळ्या चित्राला एकच असतो आणि मास्क तो क्रम जागेपुरता फिरवतो. गुंफणीचे सगळे तंत्र एवढ्यावरच उभे आहे.

झाकून दाखवण्याची ही युक्ती संगणकापेक्षा बरीच जुनी आहे. एडविन पोर्टर यांच्या १९०३ च्या ‘द ग्रेट ट्रेन रॉबरी’ या मूकपटात तारघराच्या खिडकीतून बाहेरची आगगाडी दिसते. ती गाडी वेगळी चित्रित करून खिडकीच्या जागेत बसवलेली आहे. फिल्मचा जो भाग नको तो झाकायचा आणि उरलेल्या भागावर दुसरे चित्र घ्यायचे, अशी ती पद्धत. पुढे छपाईच्या धंद्यात रूबीलिथ नावाची लाल फिल्म आली. तिचा हवा तो आकार पातीने कापून नको असलेला भाग झाकला जाई. लाल रंग निवडण्यामागे कारण होते. छपाईच्या कॅमेऱ्याची फिल्म लाल प्रकाशाला दाद देत नसे, त्यामुळे तिच्या दृष्टीने लाल म्हणजे काळाच. काम करणाऱ्याला मात्र त्या लाल थरातून खालचे चित्र दिसत राही. फोटोशॉपच्या ‘क्विक मास्क’मध्ये झाकलेला भाग आजही मुळात लाल पारदर्शक रंगातच दिसतो, तो या फिल्मचा वारसा.

संगणकात या कल्पनेला गणिताचे रूप १९७०च्या दशकाच्या उत्तरार्धात मिळाले. न्यूयॉर्क इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीमध्ये एड कॅटमल आणि अ‍ॅल्व्ही रे स्मिथ यांनी प्रत्येक पिक्सेलच्या लाल, हिरव्या आणि निळ्या आकड्यांबरोबर चौथा आकडा साठवायला सुरुवात केली : हा पिक्सेल किती अपारदर्शक आहे, हे सांगणारा. त्यालाच अल्फा चॅनेल म्हणतात. १९८४ मध्ये टॉमस पोर्टर आणि टॉम डफ यांनी एका चित्रावर दुसरे चित्र ठेवण्याचे नियम एका शोधनिबंधात पद्धतशीर मांडले. वरच्या चित्राचा रंग त्याच्या अपारदर्शकतेइतका घ्यायचा आणि उरलेली जागा खालच्या चित्राने भरायची, हा त्यांतला सर्वांत जास्त वापरला जाणारा नियम. आजचे प्रत्येक सॉफ्टवेअर लेअर एकत्र करताना हाच हिशेब करते. या चौघांना त्यासाठी पुढे ऑस्कर देणाऱ्या अकादमीचा तांत्रिक पुरस्कारही मिळाला.

फोटोशॉपची पहिली आवृत्ती १९९० मध्ये आली तेव्हा तिच्यात लेअर नव्हते. ते १९९४ मध्ये, तिसऱ्या आवृत्तीत आले. मागे जाऊन अनेक पायऱ्या रद्द करण्याची सोय देणारी ‘हिस्टरी’ची यादी आली ती १९९८ च्या पाचव्या आवृत्तीत. मधल्या काळात फक्त शेवटची एक कृती रद्द करता येई. खोडरबराने कडीचा तुकडा पुसला आणि त्यावर आणखी दोन कामे केली, की तो तुकडा गेला तो गेलाच. मास्कने लपवलेला तुकडा मात्र पांढरा ब्रश फिरवताच परत येई. मास्कची सवय चित्रकारांना लागली त्यात या गरजेचा वाटा मोठा होता. आता रद्द करण्याच्या पायऱ्या भरपूर मिळतात, तरी फाइल बंद करून पुन्हा उघडली की ती यादी उरत नाही, मास्क उरतो.

प्रत्यक्ष कृती दोन कड्यांवर समजून घेणे सोपे जाते. पिवळी कडी खालच्या लेअरवर, निळी वरच्या लेअरवर. निळ्या लेअरला पांढरा मास्क जोडायचा. चित्रात अजून काहीच बदलत नाही. मग कंट्रोल कळ (मॅकवर कमांड) दाबून ठेवून, लेअरच्या यादीतल्या पिवळ्या लेअरच्या छोट्या चित्रावर, म्हणजे थंबनेलवर, क्लिक करायचे. त्यामुळे पिवळ्या कडीच्या नेमक्या आकाराचे सिलेक्शन तयार होते, आणि काम चालू असलेला लेअर मात्र निळाच राहतो. आता निळ्या लेअरच्या मास्कवर क्लिक करून काळ्या रंगाचा ब्रश दोनपैकी एका छेदावर फिरवायचा. तिथली निळी पट्टी नाहीशी होते, खालची पिवळी वर आल्यासारखी दिसते आणि दोन कड्या एकमेकींत अडकतात. शेवटी सिलेक्शन काढून टाकायचे.

ब्रश इथे फार जपून फिरवण्याची गरज नसते. सिलेक्शनमुळे तो पिवळ्या कडीच्या बाहेर उमटतच नाही. कडीच्या आत पण छेदाच्या बाहेर उमटला तरी बिघडत नाही, कारण तिथे लपवायला निळे काही नाहीच. जपायचे एवढेच, की ब्रश दुसऱ्या छेदापर्यंत पोचू नये. फोटोशॉपमध्ये डी कळ दाबली की ब्रशचे रंग मूळ काळ्या-पांढऱ्यावर येतात आणि एक्स कळ दाबली की त्यांची अदलाबदल होते. हात चुकला तर एक्स दाबून त्याच ब्रशने चुकलेला भाग परत आणता येतो.

नवशिक्यांची सर्वांत सामान्य चूक वेगळीच असते. मास्कऐवजी लेअरच निवडलेला राहतो आणि काळा रंग थेट कडीवर बसतो. यादीत लेअरचे आणि मास्कचे थंबनेल शेजारी शेजारी असतात आणि ज्याच्याभोवती चौकट दिसते त्याच्यावर ब्रश चालतो. रंगवण्यापूर्वी ती चौकट पाहण्याची सवय लावून घ्यावी. मास्कमध्ये नेमके काय रंगवले आहे हे पाहायचे असेल तर फोटोशॉपमध्ये ऑल्ट कळ (मॅकवर ऑप्शन) दाबून मास्कच्या थंबनेलवर क्लिक करावे. पूर्ण पडद्यावर मास्कच दिसतो. शिफ्ट दाबून क्लिक केले तर मास्क तात्पुरता बंद होतो.

ऑलिंपिकच्या पाच कड्यांना हीच रीत लावली तर काम वाटते त्यापेक्षा कितीतरी कमी निघते. वरच्या ओळीच्या तिन्ही कड्या वरच्या लेअरवर आणि खालच्या ओळीच्या दोन्ही खाली ठेवल्या, की आठ छेदांपैकी चार आपोआप बरोबर असतात. उरलेले चार मास्कने फिरवायचे : निळ्या कडीवर एक, काळ्या कडीवर दोन, लाल कडीवर एक. खालच्या दोन लेअरना मास्कची गरजच पडत नाही. गुंफणीच्या कोणत्याही कामात ब्रश हाती घेण्यापूर्वी कागदावर कच्ची आकृती काढून कोणता छेद फिरवायचा त्यावर खूण करावी. पाच मिनिटांच्या या तयारीने पुढचा बराच वेळ वाचतो.

आकार गुंतल्यावर खरी कसोटी लागते ती कडांवर. पडद्यावरची वक्र रेषा चौकोनी पिक्सेलांची असते. ती दातेरी दिसू नये म्हणून कडेचे पिक्सेल अर्धवट पारदर्शक ठेवलेले असतात. वर सांगितलेल्या रीतीत याच पिक्सेलांवर एक बारीक दोष उरतो. समजा पिवळ्या कडीच्या कडेचा एक पिक्सेल निम्मा भरलेला आहे. सिलेक्शनही तिथे निम्मेच असते, त्यामुळे मास्क निळ्याला निम्मे लपवतो. उरलेली निम्मी जागा खालच्या लेअरने भरायची असते, पण पिवळीही तिथे निम्मीच आहे. म्हणून त्या पिक्सेलमध्ये निम्मा रंग निळा, पाव पिवळा आणि उरलेला पाव पार्श्वभूमीचा येतो. पार्श्वभूमी पांढरी असेल तर छेदाच्या दोन्ही कडांना फिकट केसासारखी रेघ दिसते. पडद्यावर ती एखाद वेळी लक्षात येत नाही, पण मोठ्या आकारात छापून आल्यावर खटकते.

यावर दोन इलाज आहेत. पहिला सोपा : पिवळ्या कडीचे सिलेक्शन घेतल्यावर ‘सिलेक्ट’ मेनूतल्या ‘मॉडिफाय’मधून ‘कॉन्ट्रॅक्ट’ वापरून ते एक पिक्सेल आत घ्यायचे आणि मग मास्क रंगवायचा. पिवळी पट्टी तिथे दोन्ही कडांनी एकेका पिक्सेलने बारीक होते, पण निळा रंग तिच्या भरीव भागाला जाऊन भिडतो आणि मधून पार्श्वभूमी डोकावत नाही. दुसरा इलाज मुळातच उलटा आहे. निळ्याला भोक पाडायचेच नाही. पिवळ्या लेअरची प्रत काढून ती निळ्याच्या वर ठेवायची, तिला पूर्ण काळा मास्क लावायचा आणि फक्त हव्या त्या छेदावर पांढरा ब्रश फिरवून तेवढीच प्रत उघडी करायची. आता कडेच्या पिक्सेलवर निम्मा पिवळा आणि निम्मा निळा येतो, म्हणजे जो यायला हवा तोच. कडांच्या स्वच्छतेत ही रीत पहिलीपेक्षा सरस ठरते. तिची अडचण एकच : नंतर पिवळ्या कडीचा रंग बदलायचा ठरला तर दोन लेअर बदलावे लागतात. फोटोशॉपमध्ये लेअरला आधी ‘स्मार्ट ऑब्जेक्ट’ करून मग प्रत काढली तर मूळ आशय एकाच ठिकाणी बदलून भागते.

कड्यांना सावली दिली की आणखी एक पेच उभा राहतो. फोटोशॉपमधली ‘ड्रॉप शॅडो’ लेअरच्या दिसणाऱ्या आकारावरून ठरते. मास्कने निळी कडी मध्येच लपवली की सॉफ्टवेअरच्या लेखी ती कडी तिथे तुटलेली असते, आणि सावली त्या तुटलेल्या टोकाचीही पडते. पिवळ्या पट्टीवर मग भलतीच सावली येते आणि गुंफणीचा सगळा आभास मोडतो. लेअरच्या ‘ब्लेंडिंग ऑप्शन्स’मध्ये ‘लेअर मास्क हाइड्स इफेक्ट्स’ अशी एक चौकट आहे. तिच्यावर खूण केली की सावली अख्ख्या कडीवरून मोजली जाते आणि मास्कने झाकलेल्या जागी सावलीही झाकली जाते. हा पर्याय मेनूत इतका आत आहे, की अनेकजण वर्षानुवर्षे काम करूनही तो उघडत नाहीत आणि सावल्या हाताने पुसत बसतात.

या तंत्राचा उपयोग भौमितिक कड्यांपुरता नाही. मासिकाच्या मुखपृष्ठावर नाव छायाचित्रातल्या व्यक्तीच्या डोक्यामागे जाते आणि खांद्यासमोर येते, ते याच रीतीने. नावाचा लेअर छायाचित्राच्या वर असतो आणि डोके जिथे अक्षरांवर यायला हवे तिथे नावाच्या मास्कवर काळा रंग असतो. दिवाळी अंकांच्या मुखपृष्ठांवर हा प्रकार वाचकांनी पाहिलेला असतो. देवनागरीत त्याला एक खास जागा मिळते. शिरोरेषेमुळे अख्खा शब्द एकसंध आकार होतो आणि तिच्याखाली काने व अक्षरांचे उभे दंड ओळीने उभे असतात. एखादी वेल शिरोरेषेवरून पुढे आणून पुढच्या दंडामागून नेली, पुन्हा पुढे आणली, की साध्या शब्दाला खोली येते. सुटी अक्षरे असलेल्या लिपीपेक्षा हे देवनागरीत अधिक खुलते. मात्र नाव वाचता आले पाहिजे. वेलांटी, मात्रा किंवा अनुस्वार वेलीमागे गेला तर शब्द बदलतो, आणि असे मुखपृष्ठ कितीही देखणे असले तरी ते चुकलेलेच म्हणावे.

छायाचित्रात कडा कड्यांसारख्या रेखीव नसतात. केसांच्या बटा, साडीचा झिरझिरीत पदर, धूर यांच्यासाठी मास्कमध्ये करड्या छटा लागतात आणि तिथे मऊ कडेचा ब्रश वापरावा. केसांसाठी फोटोशॉपमध्ये ‘सिलेक्ट अँड मास्क’ ही वेगळी खिडकी आहे. जिथे एखादी वस्तू दुसरीवरून जाते तिथे खालच्या वस्तूवर पातळशी सावलीही रंगवावी आणि ती मूळ छायाचित्रातल्या प्रकाशाच्या दिशेला धरून असावी. पुढे-मागेपणा डोळ्याला पटतो तो मुख्यतः या सावलीमुळे.

मास्कची ताकद खऱ्या अर्थाने दिसते ती बोरोमियन कड्यांत. इटलीच्या बोरोमेओ घराण्याच्या मानचिन्हावरून हे नाव पडले. या तीन कड्यांपैकी कोणत्याही दोन एकमेकींत अडकलेल्या नसतात, तरी तिन्ही मिळून सुटत नाहीत. एक कापली की उरलेल्या दोन मोकळ्या होतात. पहिली कडी दुसरीच्या वर, दुसरी तिसरीच्या वर, आणि तिसरी पुन्हा पहिलीच्या वर, असे हे चक्र आहे. लेअरच्या यादीला वर आणि खाली अशी दोन टोके असतात, त्यामुळे चक्र तिच्यात बसूच शकत नाही. आणि तरीही मास्कला फक्त दोन ठिपके पुरतात. पहिली, दुसरी, तिसरी अशा क्रमाने लेअर वरून खाली लावायचे. सहापैकी चार छेद तिथेच बरोबर येतात. मग सर्वांत वरच्या लेअरच्या मास्कवर, पहिली कडी तिसरीला छेदते त्या दोन जागी काळा रंग भरायचा. तिसरी कडी पहिलीवर आलेली दिसते आणि चक्र पूर्ण होते. मोठ्या गुंफणीतही असाच विचार करावा : ज्या क्रमात सर्वांत जास्त छेद आपोआप जुळतात तो क्रम आधी शोधायचा आणि उरलेल्यांपुरताच मास्क रंगवायचा.

एकच दोरी स्वतःवरूनच जात असेल, जशी गाठीत जाते, तर मात्र एक लेअर पुरत नाही. मास्क लेअर लपवतो, पण त्याच लेअरचा दुसरा भाग खाली वाट पाहत नसतो. अशा वेळी दोरीचे दोन किंवा अधिक तुकडे वेगळ्या लेअरवर घ्यावे लागतात आणि तुकड्यांचे जोड छेदापासून दूर ठेवावे लागतात. गाठ नीट जमली आहे का हे तपासण्याची खूण सोपी आहे. दोरीच्या एका टोकापासून बोट फिरवत जावे आणि वर, खाली, वर, खाली असा क्रम मोडतो का ते पाहावे. आयर्लंड-स्कॉटलंडच्या जुन्या हस्तलिखितांतल्या नक्ष्या बहुतांशी याच क्रमाने चालतात.

रेषांवर आधारलेल्या सॉफ्टवेअरची वाट वेगळी आहे. महाराष्ट्रातल्या डीटीपी केंद्रांत सर्रास वापरल्या जाणाऱ्या कोरलड्रॉमध्ये ‘इंटरसेक्ट’ वापरून छेदापुरता तुकडा तयार करतात आणि तो वर ठेवून खालच्या कडीचा रंग देतात. अडोबीने इलस्ट्रेटरमध्ये २०२२ साली ‘इंटरट्वाइन’ ही सोय आणली. छेदाभोवती नुसते रिंगण काढले की तिथला क्रम उलटतो. मोफत मिळणाऱ्या इंकस्केपमध्ये ‘नॉट’ नावाचा परिणाम छेदांवर खालच्या रेषेला आपोआप फट पाडतो. छायाचित्र मात्र पिक्सेलांचेच असते, म्हणून तिथे मास्कला पर्याय नाही. मास्क शिकण्यासाठी महागडे सॉफ्टवेअर विकत घेण्याची गरज नाही. गिम्प आणि क्रिता मोफत आहेत, फोटोपीया ब्राउझरमध्येच चालते. गिम्पमध्ये लेअरच्या मेनूतून मास्क जोडता येतो आणि ‘अल्फा टू सिलेक्शन’ने लेअरच्या आकाराचे सिलेक्शन मिळते. क्रितामध्ये याच कामाच्या मास्कला ‘ट्रान्सपरन्सी मास्क’ म्हणतात.

लेअर आणि त्याचा मास्क यांच्यामध्ये फोटोशॉपमध्ये साखळीची छोटी खूण असते. ती आहे तोवर लेअर हलवला की मास्कही त्याच्याबरोबर हलतो. पण कडी हलली म्हणजे छेदाची जागाही बदलते, आणि मास्कमधले काळे ठिपके कडीबरोबर भलत्याच ठिकाणी जातात. म्हणून कड्यांची मापे आणि जागा पक्क्या झाल्याशिवाय मास्क रंगवू नयेत. काम संपल्यावर मूळ फाइल फोटोशॉपच्या पीएसडी किंवा गिम्पच्या एक्ससीएफ प्रकारात जपून ठेवावी आणि छपाईला किंवा मोबाइलवर पाठवायची प्रत वेगळी काढावी. जेपेग फाइलमध्ये लेअर आणि मास्क दोन्ही राहत नाहीत. एकदा फक्त जेपेग हाती उरली, की फिरवलेला छेद पुन्हा सरळ करता येत नाही.